नागपूरच्या गिरणीचे जनक जमशेटजी टाटा आणि आपला विणकर समाज

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात. ती वाचून तरुणांस स्फूर्ती मिळते व वृद्धांस समाधान वाटते. यंदा मात्र ज्या पुरुषाचे चरित्र मी आपणांपुढे ठेवीत आहे, ते आपल्या ज्ञातीचे नव्हते आणि आपल्या धर्माचेही नव्हते. त्यांचा जन्म गुजराथेत झाला व देह परदेशात पडला. असे असूनही भंडारा, पवनी, मोहाडी व आंधळगाव येथील क्वचितच एखादे कोष्टी घराणे असे असेल, की ज्याच्या उदरनिर्वाहावर या पुरुषाच्या कर्तृत्वाचा बरा-वाईट परिणाम झाला नाही. ते पुरुष म्हणजे कै. जमशेटजी नसरवानजी टाटा.

माझ्या लहानपणी आमच्या घरी खड्ड्याचा माग होता. संध्याकाळी मागावरून उठल्यावर आजोबा व त्यांचे सोबती ओसरीवर बसत, तेव्हा गिरण्यांनी आपला माग खाल्ला, हे वाक्य हमखास निघे. तीसपेक्षा अधिक वर्षे शाळेत मुलांना इतिहास शिकवल्यावर त्या वाक्याचा विचार मी पुन्हा करू लागलो. गिरणीने खरोखर काय खाल्ले आणि काय दिले, गिरणी उभारणारा मनुष्य कोणत्या मातीचा होता, आणि सूत पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाती असताना गिरणी उभारण्याचे काम आपणांपैकी कोणाकडून का झाले नाही, हे प्रश्न मनात घोळू लागले. प्रस्तुत लेख हे त्याच विचाराचे फळ होय.

प्रथम आपल्या घरची स्थिती पाहू. वैनगंगेच्या काठचा हा प्रदेश तळ्यांचा व धानाचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी रेशीमकाठी वस्त्रांसाठीही त्याचा लौकिक होता. पवनीचे तलम कापड, मोहाडी-आंधळगावची लुगडी आणि भंडाऱ्याची धोतरे-उपरणी यांना नागपूरच्या पेठेत मान होता. भोसल्यांच्या राजवटीत दरबारी मंडळी, सरदार, मानकरी यांना पागोटी, शेले, उपरणी लागत आणि त्या मागणीवर विणकरांची घरे चालत. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. दरबार गेला आणि दरबाराबरोबर उंची वस्त्रांचे गिऱ्हाईकही गेले. त्यानंतर १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला. ज्या गाडीने वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला, त्याच गाडीने विलायती कापड परत येऊ लागले. मँचेस्टरच्या कापडाने हातमागाचा बाजार पोखरण्यास सुरुवात केली, तेव्हा नागपुरात कापडाची एकही गिरणी नव्हती. ही गोष्ट आपण नीट ध्यानात ठेवावी, कारण गिरणीवरील रोषात तिचा आपणांस सहसा विसर पडतो.

अशा काळात जमशेटजी नागपुरास आले. त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. घराणे पारशी पुरोहितांचे. पिढ्यान्‌पिढ्या अग्निमंदिरातील उपासना हाच कुळाचा व्यवसाय होता. पिता नसरवानजी यांनी ती वहिवाट मोडून मुंबईस व्यापार आरंभिला. पारशी समाज संख्येने अतिशय लहान. १९०१ च्या शिरगणतीतही संबंध हिंदुस्थानात त्यांची संख्या एक लाखापर्यंत पोहोचली नव्हती. परंतु त्या चिमुकल्या समाजाने इंग्रजी शिक्षण, परदेशगमन व परस्परांचे साहाय्य या तीन गोष्टी लवकर आत्मसात केल्या. जमशेटजी बालपणी नवसारीस राहिले, पुढे वडिलांकडे मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. ग्रंथवाचनाची जी गोडी तेथे लागली, ती अखेरपर्यंत टिकली.

१८५९ मध्ये वडिलांनी त्यांना व्यापारासाठी हाँगकाँगला धाडले. त्यानंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले व मुंबईत सट्ट्याला ऊत आला. १८६४ च्या अखेरीस जमशेटजी लंडनला निघाले. १८६५ मध्ये अमेरिकेचे युद्ध थांबताच कापसाचे भाव कोसळले, आणि त्यांच्या जवळच्या हुंड्या कवडीमोल झाल्या. पंचविशीतील हा तरुण परमुलखात देणेकऱ्यांच्या वेढ्यात सापडला. अशा प्रसंगी पुष्कळ लोक तोंड लपवितात. जमशेटजी स्वतः सावकारांकडे व बँकांकडे गेले आणि सर्व हिशेब उघडा करून त्यांच्यापुढे मांडला. त्यांच्या सचोटीचा त्या मंडळींवर असा प्रभाव पडला, की त्याच पेढीचा व्यवहार आवरण्याचे काम त्यांनी जमशेटजींवर सोपविले व त्याबद्दल त्यांना वेतनही ठरवून दिले. इकडे मुंबईत वडिलांनी घर विकून देणी भागविली. धन गेले, पण पत राहिली. पुढे १८६७-६८ मध्ये अॅबिसिनियावरील इंग्रजी मोहिमेस सामग्री पुरविण्याच्या मक्त्यात त्यांच्या घराण्याचा वाटा होता, त्यातून घडी पुन्हा बसली.

१८६८ मध्ये सुमारे एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर जमशेटजींनी स्वतःची पेढी काढली. १८६९ मध्ये चिंचपोकळी येथील एक बुडालेली तेलाची गिरणी भागीदारांसह विकत घेऊन तिचे कापडगिरणीत रूपांतर केले, दोन-अडीच वर्षे ती चालविली आणि नफा घेऊन विकून टाकली. हाती पैसा आल्यावर त्यांनी काय केले, हे आपल्या तरुणांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ते तडक विलायतेस लँकेशायरमध्ये गेले आणि ज्या कापडापुढे हिंदी विणकर हतबल झाला होता, ते कापड कसे तयार होते, तेथील यंत्रे कोणती, हवामान कसे, मजूर कसे, खर्च किती, हे सर्व त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. प्रतिस्पर्ध्याचा नुसता द्वेष करण्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन त्याची विद्या शिकणे त्यांना अधिक अगत्याचे वाटले.

परत आल्यावर गिरणी कोठे काढावी, हा प्रश्न उपस्थित झाला. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, अशी सर्वांची समजूत होती. जमशेटजींचा विचार निराळा होता. जेथे कापूस पिकतो, जेथे कोळसा जवळ आहे आणि जेथून माल देशभर धाडता येतो, तेथे गिरणी असावी, असे त्यांचे मत. जबलपूरकडील जागा त्यांनी पाहिली, परंतु तेथे जमले नाही. अखेर त्यांची नजर नागपूरवर स्थिरावली. हिंगणघाट-वर्ध्याचा उत्तम कापूस शेजारी, वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी जवळ, लोहमार्ग दाराशी, आणि भोवतालच्या मुलखात सूत कातणाऱ्या व विणणाऱ्या लोकांची दाट वस्ती. या शेवटच्या गोष्टीत आपले पूर्वजही आले.

१८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. नागपूर स्थानकाजवळ, जुम्मा तलावाच्या बाजूस, एक दलदलीची जमीन त्यांनी घेतली. तेथे प्रथम भराव टाकावा लागला. या प्रसंगाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका स्थानिक सावकाराकडे भांडवलासाठी विचारणा झाली, तेव्हा जो मनुष्य खड्डे बुजविण्यासाठी सोने मातीत ओततो त्याला आपण पैसा देणार नाही, असे म्हणून त्याने हात आखडता घेतला. पुढे गिरणीची भरभराट पाहून त्याच गृहस्थाने आपली चूक मान्य केली व टाटांनी माती टाकून सोने काढले, अशी कबुली दिली. आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. आपल्याकडे त्या काळी द्रव्य नव्हते असे नाही. ते सावकारीत व जमिनीत अडकलेले होते आणि उद्योगास लागणारा धीर त्यात नव्हता.

१ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी राणी व्हिक्टोरिया हिच्या सम्राज्ञीपदाची घोषणा दिल्ली दरबारात झाली, त्याच दिवशी ही गिरणी सुरू झाली. म्हणून तिला एम्प्रेस मिल असे नाव पडले. आरंभी सुमारे तीस हजार चात्या व साडेचारशे माग होते. व्यवस्थापनासाठी जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांची निवड केली. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यात काम केलेले होते, कापडगिरणीचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. तरीही माणसाची पारख करून जमशेटजींनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि बेझनजींनी तो सार्थ ठरविला.

प्रारंभ मात्र सुखाचा झाला नाही. पहिली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली, माल अपेक्षेप्रमाणे उतरेना. जमशेटजींनी चूक झाकून ठेविली नाही. यंत्रे बदलली, नवी मागविली. रिंग नावाच्या नव्या पद्धतीच्या चात्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या व लँकेशायरचे कारखानदारही त्यांकडे साशंकतेने पाहत होते. जमशेटजींनी नागपुरास त्यांचा प्रयोग करून पाहिला, गुण दिसताच त्या मोठ्या प्रमाणावर बसविल्या. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवण्याची योजना व आगीपासून संरक्षण म्हणून छतातून पाणी फवारण्याची योजना त्यांनी गिरणीत केली. वैशाखात ताणा किती तुटतो व खळ किती लवकर वाळते, हे ज्याने मागावर बसून अनुभविले आहे, त्याला या योजनेचे महत्त्व सांगावयास नको.

मजुरांची कथा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. त्या काळच्या कोणत्याही गिरणीतील जिणे कष्टाचे होते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, लहान मुलेही कामावर असत. मुलांच्या कामाच्या तासांना पहिली कायदेशीर मर्यादा १८८१ मध्ये आली आणि पुरुषांच्या तासांना तर १९११ पर्यंत मर्यादा नव्हती. हे सत्य झाकून कोणाचे चरित्र लिहू नये. नागपूरच्या मजुराला गिरणीच्या भोंग्याची सवय नव्हती. तो चार दिवस येई, गाठीला पैसा जमला की घरी बसे. मागावर काम करणारा आपला मनुष्य स्वतःच्या मर्जीचा धनी, त्याला दुसऱ्याच्या घड्याळाचे बंधन कसे मानवावे? अन्य मालक अशा वेळी दंड करीत. जमशेटजी व बेझनजी यांनी दुसरा मार्ग धरिला. नियमित येणाऱ्यास व चांगले काम करणाऱ्यास बक्षिसे देण्याचा समारंभ सुरू केला, त्यात रोख रकमा, घड्याळे, कापड अशा वस्तू दिल्या जात. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ मध्ये कामावर अपघात झालेल्यास भरपाई देण्याची तरतूद झाली. भरपाईचा सरकारी कायदा व्हावयास १९२३ साल उजाडावे लागले. यावरून हे पाऊल किती आगाऊ होते ते दिसेल. सुशिक्षित तरुणांस उमेदवार म्हणून घेऊन त्यांना गिरणीचे सर्व खाते शिकविण्याची पद्धतही तेथे पडली.

१८८० ते १८८२ च्या दरम्यान नागपूरहून तुमसर-गोंदियामार्गे राजनांदगावपर्यंत लोहमार्ग झाला. वरठीचे स्थानक भंडाऱ्याजवळ आले व नागपूर काही तासांवर आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन दुष्काळांत धान गेले, गिऱ्हाईक गेले आणि मागावर कोळ्यांची जाळी दिसू लागली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांतील कर्ते पुरुष पोटासाठी नागपूरची वाट चालू लागले. कोणी महाल-इतवारीकडील मोठ्या विणकरांकडे राहिले, कोणी गिरणीत लागले. त्यांनी पाठविलेल्या मनीऑर्डरीवर गावाकडे मुले शिकली. आज आपल्या समाजात जी शिक्षक, कारकून, डॉक्टर, इंजिनिअर मंडळी दिसतात, त्यांच्या आजा-पणजाच्या पिढीचा शोध घेतला, तर पुष्कळ ठिकाणी एखादा गिरणीकामगार सापडतो.

आता गिरणीने आपला माग खाल्ला का, या प्रश्नाकडे येऊ. जाडेभरडे कापड विणणाऱ्यांचा धंदा गिरणीच्या स्वस्त कापडाने बसविला, हे नाकारता येत नाही. तथापि गिरणी केवळ कापड विणीत नसे, ती सूतही कातीत असे आणि देशी गिरण्यांच्या सुतावर असंख्य हातमाग चालत. घरी कातलेल्या सुतापेक्षा ते सारखे व स्वस्त पडे. तलम सूत विलायतेहून येई. आपल्या रेशीमकाठी लुगड्यांचे काठ व पदर यंत्रावर तितके सुबक निघत नसत, म्हणून बारीक कामाचा विणकर जाड कामाच्या विणकरापेक्षा अधिक काळ तग धरून राहिला. टसरी रेशमाची करवती काठांची साडी विदर्भात अजून हातमागावर विणली जाते, हे त्याचेच प्रत्यंतर. माझ्या मते मागाला जी खरी कीड लागली, ती घरातलीच होती. प्रत्येक विणकर एकेकटा राहिला. सूत सावकाराकडून उधार, तयार माल त्याच सावकाराला, भाव तो ठरवील तो. दहा घरांनी मिळून सूत घ्यावे, माल एकत्र पेठेत न्यावा, ही बुद्धी आपणांस फार उशिरा, सहकारी संस्थांच्या काळात झाली. जमशेटजींनी मात्र अनेक भागीदारांचे द्रव्य एका ठिकाणी आणून, त्याचा चोख हिशेब ठेवून, डोंगराएवढे काम उभे केले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने लँकेशायरच्या हितासाठी हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन टक्के कर बसविला. जमशेटजींनी आकडेवारीनिशी त्याचा निषेध केला. हातमागाचे कापड त्या करातून मुक्त होते. गिरणीवाला व हातमागवाला हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असले, तरी दोघांवर एकच परकी सत्ता होती, हे त्या प्रसंगी स्पष्ट झाले. रेशमाच्या बाबतीतही जमशेटजींचे लक्ष होते. जपानी पद्धतीने रेशीमकिडे पाळण्याचा प्रयोग त्यांनी बंगळूर येथे करविला. लांब धाग्याचा इजिप्ती कापूस आपल्या देशात पिकवावा, म्हणूनही त्यांनी खटपट केली.

त्यांच्या आयुष्यात सर्वत्र यशच होते असे कोणी समजू नये. १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी साडेबारा लाखांस घेतली व तिला स्वदेशी मिल असे नाव दिले. ती इतकी मोडकळीस आलेली निघाली, की टाटांची पतच धोक्यात आली. बँका कर्ज देण्यास कचरू लागल्या. तेव्हा त्यांनी एम्प्रेस मिलमधील आपले काही भाग विकून पैसा उभा केला आणि नागपुरास तयार झालेली अनुभवी माणसे कुर्ल्यास बोलाविली. नागपूरच्या हातांनी मुंबईची गिरणी सावरली, हे आपण अभिमानाने सांगावे. १८९३ मध्ये चीनकडे जाणाऱ्या सुताचे जहाजभाडे कमी व्हावे म्हणून जपानी कंपनीच्या साहाय्याने त्यांनी जहाजे चालविली. बलाढ्य इंग्रजी कंपनीने भाडे नाममात्र करून त्यांना नामोहरम केले व तो उद्योग गुंडाळावा लागला. पराभव झाला, पण त्याने त्यांचा उत्साह मावळला नाही.

लोखंडाच्या कारखान्याची त्यांची कल्पनाही आपल्याच मुलखात अंकुरली, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोखंडी दगड असल्याचे त्यात वर्णन होते. शेजारी वरोऱ्याचा कोळसा. जमशेटजींनी तेव्हाच तेथे कारखाना काढण्याचा विचार केला. परंतु तो कोळसा पोलाद गाळण्यास योग्य ठरला नाही आणि खाणीसंबंधीचे सरकारी नियमही जाचक होते. सतरा वर्षांनी, १८९९ मध्ये, नियम सैल झाल्यावर त्यांनी पुन्हा उचल घेतली. साठी ओलांडलेली असता १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले व तेथील तज्ज्ञांचे साहाय्य मिळविले. चांद्याच्या जंगलात पुन्हा शोध झाला, तेथे निराशा पदरी आली. मग नागपूरच्या संग्रहालयातील एका भूगर्भीय नकाशावर त्यांचे पुत्र दोराबजी यांची दृष्टी गेली आणि शोध दल्ली-राजहऱ्याच्या डोंगराकडे वळला. आज त्याच डोंगराचे लोखंड भिलाईच्या कारखान्यास जाते. टाटांचा कारखाना अखेर पूर्वेकडे साकची येथे झाला. आपल्या हयातीत त्याची एक वीटही न पाहिलेल्या जमशेटजींनी मुलाला पत्र लिहून त्या भावी नगरात रुंद रस्ते, दाट सावलीची झाडे, बागा, खेळांची मैदाने आणि सर्व धर्मांच्या देवळांना जागा ठेवावी, असे बजाविले होते. मजुराची वस्ती कशी असावी, याचे चित्र त्यांनी गिरणीच्या अनुभवातून रेखाटले होते.

विद्येसाठी त्यांनी जे केले, त्याकडे आपल्या संस्थेच्या चालकांचे मी विशेषेकरून लक्ष वेधू इच्छितो. १८९२ मध्ये त्यांनी होतकरू विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी परदेशी धाडण्याकरिता निधी स्थापिला. हे साहाय्य दान म्हणून न देता कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणून देण्याची प्रथा ठेविली. विद्यार्थी मिळवता झाला की रक्कम परत करी आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी पडे. घेणाऱ्याचा स्वाभिमान राही आणि निधी आटत नसे. दुसरी गोष्ट अशी, की आरंभी ही योजना पारशी विद्यार्थ्यांपुरती होती, परंतु थोड्याच काळात जमशेटजींनी तिचे दार सर्व जातिधर्मांच्या हिंदी विद्यार्थ्यांस उघडे केले. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि आपले शास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे याच निधीच्या साहाय्याने विलायतेस शिकले.

१८९३ मध्ये जपानहून अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजात त्यांची स्वामी विवेकानंदांशी गाठ पडली होती. देशात शास्त्रसंशोधनाची संस्था निघावी, या विचाराने १८९८ मध्ये त्यांनी स्वामीजींस पत्रही लिहिले. त्या संस्थेसाठी आपल्या मालमत्तेचा सुमारे निम्मा भाग, तीस लाखांच्या किमतीच्या इमारती व जमिनी, त्यांनी देऊ केल्या. सरकार चालढकल करीत राहिले. म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे विस्तीर्ण जमीन दिली आणि १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली.

ती पाहण्याचे भाग्य जमशेटजींस लाभले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील नॉहाइम येथे त्यांचे निधन झाले व इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे त्यांचा देह विसावला. त्यांच्या मोठ्या संकल्पांपैकी मुंबईचे ताजमहाल हॉटेल तेवढे १९०३ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत उघडले. बाकीचे दोराबजी व रतनजी या पुत्रांनी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण केले. १९१२ मध्ये साकचीस पोलाद निघाले व १९१९ मध्ये त्या नगरास जमशेदपूर हे नाव मिळाले.

एम्प्रेस मिलने मात्र शंभर वर्षे पाहिली व ती थकली. १९८६ मध्ये टाटांनी तिचा कारभार सोडला, काही वर्षे ती सरकारी महामंडळाकडे राहिली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे दार कायमचे बंद झाले. तिच्या जागेवर आता मोठा बाजार उभा आहे. ज्या भोंग्यावर नागपूरची निम्मी वस्ती घड्याळ लावी, तो ऐकू येत नाही. ज्या गिरणीने आमचा माग खाल्ला असे आम्ही म्हणत होतो, त्या गिरणीलाही काळाने खाल्ले. यात आनंद मानण्यासारखे काही नाही, कारण तिच्या बंद होण्याने जी चूल विझली ती पुष्कळदा आपल्याच माणसाची होती. खड्ड्याचा माग, गिरणी, यंत्रमाग ही सर्व साधने येतात व जातात. ती चालविण्याची विद्या, हिशेबाची सचोटी आणि एकमेकांस धरून राहण्याची वृत्ती मात्र ज्या समाजाजवळ असते, तो समाज एक साधन गेले तरी दुसरे हाती घेऊ शकतो. मूठभर पारश्यांनी हे करून दाखविले. आपण संख्येने त्यांहून कितीतरी अधिक आहोत.

म्हणून या लेखाच्या अखेरीस समाजाच्या कार्यकारी मंडळापुढे नम्रतेने एक सूचना ठेवतो. दरवर्षीच्या मेळाव्यात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि थोडी रक्कम दिली की आपले कर्तव्य संपते. ती रक्कम पुढच्या वर्षी कोठे असते, याचा कोणी विचार करीत नाही. या वर्षापासून मेळाव्याच्या खर्चातून जेवढे वाचेल तेवढे बाजूस काढून एक परतफेडीचा विद्यानिधी काढावा. त्यातून ज्यास साहाय्य मिळेल, त्याने नोकरी-धंद्यास लागल्यावर, सोसेल त्या हप्त्यांनी, बिनव्याजी ती रक्कम परत करावी, म्हणजे त्याच पैशावर दुसरे मूल शिकेल. मुलींना यात मुलांइतकाच अधिकार असावा, कारण कांडी भरणारे व रहाट फिरविणारे हात घरोघर त्यांचेच होते आणि त्यांच्या कष्टाची नोंद कोणत्याही वहीत झालेली नाही. आणि निधीस बळ आल्यावर, जमशेटजींनी केले त्याप्रमाणे, आपल्या गावातील अन्य समाजाच्या गरीब मुलांसाठीही त्याचे दार उघडावे. ज्ञातीचे संघटन हे घराच्या ओसरीसारखे असावे. आपली माणसे तेथे एकत्र बसावीत, पण ओसरीला रस्त्याकडून भिंत नसावी.

प्रस्तुत लेखकाने आपल्या अल्प निवृत्तिवेतनातून एक महिन्याची रक्कम या निधीच्या आरंभासाठी वेगळी ठेविली आहे. मंडळाने ठराव केल्यास ती तत्काळ स्वाधीन करण्यात येईल. ताण्याचा पहिला धागा कोणीतरी बांधावा लागतो, मगच बाकीचे धागे त्याच्या शेजारी येतात. ज्ञातिबांधवांनी या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून लेखणी खाली ठेवतो.